पावती पुस्तकाला जकात, कर्जदाराला सल्ला

रमजान लागला की सिल्लोडच्या मस्जिदींमध्ये जुम्याच्या नमाजनंतर पावती पुस्तके निघतात. कुणी उत्तर प्रदेशातून आलेला असतो, कुणी बिहारमधून, कुणी आपल्याच मराठवाड्यातल्या एखाद्या मदरशाचा सफीर असतो. इमारतीचा फोटो, मुलांची संख्या, स्लॅब कुठपर्यंत आला याचा तपशील, सगळे एका पत्रकावर छापलेले असते. आपण खिशात हात घालतो, पावती घेतो, घडी करून ठेवतो आणि समाधानाने घरी जातो. जकात निघाली, फर्ज उतरले.

त्याच आठवड्यात, त्याच मस्जिदीच्या मागच्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर पंधरा-वीस बायका पासबुक घेऊन बसलेल्या असतात. फायनान्सवाला हप्ते मोजत असतो. जिचे पैसे कमी पडले ती शेजारणीकडे उसने मागायला धावते. तिला जकात द्यावी असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते? मनात येतो तो सल्ला. व्याजाने कर्ज काढलेच कशाला? ऐपत नव्हती तर लग्न साधे करायचे होते. अशी आपली वाटणी झाली आहे: पावती पुस्तकाला जकात आणि कर्जदाराला सल्ला.

माझे म्हणणे सरळ आहे. जकातीचे हकदार कोण, हे अल्लाहने आपल्या मर्जीवर सोडलेले नाही. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ हकदार नेमून दिले आहेत. त्यांत कर्जदार सहावा आहे. आपल्या तालुक्यात या हकदाराची संख्या मोठी आहे, आणि आपल्या जकातीत त्याचा वाटा जवळजवळ शून्य आहे. हा वाटा त्याला परत मिळाला पाहिजे, आणि तो पहिल्यांदा गावातल्या जकातीतून मिळाला पाहिजे.

आधी आठही हकदार एकदा नजरेखालून घालू. फकीर, म्हणजे ज्याच्याकडे गरजेपुरतेही नाही. मिस्कीन, म्हणजे ज्याची ओढाताण संपत नाही. या दोन शब्दांत नेमका फरक काय, यावर फुकहांमध्ये मतभेद आहेत, पण दोघेही गरजू याबद्दल कुणाचे दुमत नाही. तिसरे, जकात गोळा करण्याच्या आणि वाटण्याच्या कामावर नेमलेले लोक. चौथे, ज्यांची मने इस्लामकडे वळवायची किंवा स्थिर ठेवायची आहेत असे लोक. हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हा वाटा देणे थांबले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पाचवे, गुलामांची सुटका. सहावे, गारिमीन, म्हणजे कर्जाखाली दबलेले लोक. सातवे, अल्लाहच्या मार्गातले. आठवे, मुसाफिर, जो घरी सधन असला तरी वाटेत निराधार झाला आहे.

गुलामांनंतर लगेच कर्जदार येतो, याकडे लक्ष द्या. मी भाषा शिकवतो, म्हणून आणखी एक बारकावा सांगतो. पहिल्या चार हकदारांसाठी अरबीत ‘लाम’ हे अव्यय आले आहे, म्हणजे ‘त्यांच्यासाठी’. पाचव्यापासून ‘फी’ आले आहे, म्हणजे ‘त्यांच्या बाबतीत, त्यांच्या कामी’. इमाम जमख्शरी यांनी आपल्या ‘कश्शाफ’ या तफसीरमध्ये या बदलाची दखल घेतली आहे आणि पुढच्या चौघांचा हक अधिक पक्का आहे असा अर्थ त्यातून काढला आहे. गुलाम आणि कर्जदार यांच्या मानेवर दुसऱ्याचा हात असतो. तो हात काढणे हे त्यांना जेवू घालण्यापेक्षा मोठे काम आहे.

आता कुणी म्हणेल, हे तफसीरवाल्यांचे झाले, आम्ही हनफी आहोत, आमच्या फिकहचे बोला. तर हनफी फिकहचेच बोलू. ‘हिदाया’त गारिमची व्याख्या अशी आहे की ज्याच्यावर देणे आहे आणि ते देणे वजा केल्यावर ज्याच्याकडे निसाबएवढे उरत नाही, तो गारिम. आणि ‘दुर्रे मुख्तार’मध्ये ‘जहीरिया’च्या हवाल्याने याच्याही पुढची गोष्ट आहे: नुसत्या फकिराला देण्यापेक्षा कर्जदाराला देणे अधिक चांगले. ज्या किताबा आपल्या मदरशांत शिकवल्या जातात, त्यांतलीच ही गोष्ट आहे. जुम्याच्या बयानात ती शेवटची कधी ऐकली ते आठवून पाहा.

हदीसमध्येही हा मुद्दा धूसर नाही. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात एका माणसाने फळे विकत घेतली होती. त्यांत त्याचे नुकसान झाले आणि कर्ज वाढले. प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले, याला सदका द्या. लोकांनी दिला, तरी तो कर्जाएवढा भरला नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) सावकारांना सांगितले की जे जमले आहे ते घ्या, याउपर तुम्हाला काही मिळणार नाही. एका प्रसंगात तीन गोष्टी आहेत. शेतमालात बुडालेल्या माणसाला कुणी ‘व्यवहार कळत नव्हता का’ असे विचारले नाही. समाजाने वर्गणी केली. आणि सावकाराला तडजोड मान्य करावी लागली. सिल्लोडच्या आडत बाजारात मिरची किंवा मका घेऊन येणाऱ्या माणसाला ही हदीस समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याला मात्र सांगावी लागते.

आता आपल्या तालुक्याकडे या. कपाशी, मका, मिरची ही इथली पिके, आणि बहुतेक जमीन पावसाच्या भरवशावर. मराठवाड्यात दरवर्षी शेकडो शेतकरी आत्महत्या करतात. २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी सगळ्यांनी पाहिली. सरकारने कर्जमाफ्या दिल्या नाहीत असे नाही. २०१७ मध्ये दीड लाखांपर्यंत माफी झाली, २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत. पण या माफ्या बँकेच्या आणि सोसायटीच्या पीककर्जासाठी होत्या. कृषी सेवा केंद्राची बी-बियाण्यांची उधारी, सोने गहाण ठेवून घेतलेले पैसे, खासगी सावकाराची चिठ्ठी, फायनान्सचा हप्ता, यांना त्या योजनांचा हात लागला नाही. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, जो दुसऱ्याची जमीन बटईने करतो, तो तर या हिशेबात कुठेच नव्हता. आपल्या समाजात असे लोक कमी नाहीत. बटईदार, हातगाडीवाला, भंगारवाला, गॅरेजवाला, फळविक्या बागवान. यांना बँक दारात उभे करत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हेच नोंदवले होते. मुसलमानांना बँकेचे कर्ज त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कमी मिळते, आणि काही बँका ठरावीक वस्त्यांना नकारात्मक भाग ठरवून तिथे कर्ज द्यायचे टाळतात.

बँक नाही म्हटल्यावर माणूस कुठे जातो? फायनान्सकडे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जाचे नवे नियम आणले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज म्हणजे सूक्ष्म कर्ज. अशा कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून त्याच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, असा नियम आहे. म्हणजे नियम पाळला गेला तरी निम्मी कमाई हप्त्यात जाऊ शकते. आणि या कंपन्यांच्या व्याजदरावर आधी असलेली कमाल मर्यादा याच नियमांनी काढून टाकली. हे कर्ज घेणाऱ्या बहुतेक बाया आहेत. आपल्याच आया-बहिणी आहेत. त्यांच्या घरातली मुले मला वर्गात दिसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणाचे बाक रिकामे असते आणि का असते, हे गावातला प्रत्येक शिक्षक सांगेल.

एवढे असूनही कर्जदाराला जकात द्यायची म्हटली की आक्षेप सुरू होतात. ते एकेक घेऊ.

पहिला आक्षेप: तो शेतकरी आहे, त्याच्याकडे जमीन आहे, घर आहे, मोटारसायकल आहे. मग तो गरीब कसा? राहते घर, वापरातले वाहन, घरातली भांडीकुंडी, धंद्याची अवजारे निसाबात धरली जात नाहीत, हे आपल्याकडच्या कुठल्याही आलिमला विचारा. राहिली जमीन. ‘रद्दुल मुहतार’मध्ये इमाम मुहम्मद (रह.) यांचे मत दिले आहे. ज्याच्याकडे शेत किंवा दुकान आहे पण त्याच्या उत्पन्नात बायका-मुलांचे वर्ष निघत नाही, त्याला जकात घेणे जायज आहे, आणि फतवाही याच मतावर आहे. दोन एकर जिरायती जमिनीत घराचे वर्ष निघते का? ती विकून खा आणि मग ये, असे शरीयत त्याला सांगत नाही. सांगतो तो आपण.

शिवाय निसाबाचा हिशेब देणे वजा करून होतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. सोन्याचा साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. सराफाकडे आजचा भाव विचारा, गुणाकार करा, त्या माणसाकडे असलेल्या रोख पैशांतून आणि दागिन्यांतून त्याचे देणे वजा करा. उरलेली रक्कम निसाबाच्या खाली असेल तर तो मुस्तहिक आहे. त्याच्या अंगावरचे कपडे इस्त्रीचे आहेत की नाहीत याचा या हिशेबाशी संबंध नाही. प्रेषितांनी (स.) मिस्कीन कुणाला म्हणावे हे स्वतः समजावले आहे. घास-दोन घासांसाठी दारोदार फिरणारा खरा मिस्कीन नव्हे. ज्याला पुरत नाही, ज्याची गरज कुणाच्या लक्षात येत नाही आणि जो उठून मागतही नाही, तो मिस्कीन. म्हणजे मुस्तहिक शोधणे हे देणाऱ्याचे काम आहे. आपण ते घेणाऱ्यावर टाकले आहे. जो मागेल त्याला देतो. मागण्याची लाज वाटणारा राहून जातो.

दुसरा आक्षेप: त्याने व्याजाने कर्ज काढले, म्हणजे गुनाह केला. गुनाहला मदत कशी करायची? व्याज हराम आहे यात वाद नाही. पण ज्याने जुगारासाठी कर्ज काढले आणि ज्याने दवाखान्याचे बिल भरायला काढले, हे दोघे एकाच रांगेत बसत नाहीत. ज्या फुकहांनी गुनाहसाठी घेतलेल्या कर्जाला जकात नाकारली, त्यांच्यातल्या अनेकांनी तौबा केल्यावर ती दिली आहे. आणि माणूस व्याजात का अडकला हेही विचारा. त्याला बिनव्याजी कर्जे हसना देणारा आपल्यापैकी कुणी होता का? गावातल्या पैसेवाल्यांनी कर्जे हसनाचे दार बंद ठेवायचे आणि मग व्याजाच्या दारात गेलेल्याला हराम-हलाल शिकवायचे, हे कुठले दीन? सूरह बकरामध्ये व्याजाचा निषेध जिथे आला आहे, तिथेच पुढे अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याचा आणि माफ केले तर ते अधिक चांगले असल्याचा उल्लेख आहे. आपण पहिला भाग पाठ केला, दुसरा सोडून दिला. व्यवहारात करायचे ते असे: सावकाराशी बसून व्याज सोडायला लावायचे, मुद्दल ठरवून फेडायचे. अबू सईद (रजि.) यांच्या हदीसमध्ये झाले तसेच. बँका आणि कंपन्याही थकलेल्या खात्यावर एकरकमी तडजोड करतात. ती करायला कुणीतरी सोबत जाणारा लागतो. आणि लग्नाच्या हौसेचे कर्ज असेल तर ते यादीत खाली ठेवा, दवाखाना, बियाणे आणि मुलांचे शिक्षण वर ठेवा. पण या एका बहाण्याने सगळी यादीच फाडू नका.

तिसरा आक्षेप तमलीकचा. जकात मुस्तहिकाच्या मालकीची झाली पाहिजे, म्हणून ती बँकेत भरता येत नाही, असे सांगितले जाते. हनफी मसलकात तमलीकची अट आहे, मान्य. पण त्याच मसलकात हेही आहे की जिवंत गरीब कर्जदाराने सांगितले की माझे देणे तुम्ही परस्पर भरा, आणि तुम्ही ते जकातीतून भरले, तर जकात अदा होते. मेलेल्या माणसाचे कर्ज जकातीतून फेडले तर होत नाही, कारण मालक करायला कुणी उरलेला नाही. म्हणजे फिकह आपल्याला काय सांगते आहे? माणूस जिवंत असताना त्याच्या दारात जा. आत्महत्येनंतर जमा केलेल्या वर्गणीने ते काम होणार नाही.

इथे आणखी एक गोष्ट दुकानदारांसाठी. काही जण उधारी बुडाली की वहीत लिहून टाकतात, ही माझी जकात. अशी जकात होत नाही. देणे माफ करणे म्हणजे जकात देणे नव्हे. त्याची रीत अशी: जकातीची रक्कम त्या गरीब उधारीवाल्याच्या हातात द्या, तो मालक झाला की तुमचे देणे त्यातून मागा. रक्कम फिरून तुमच्याकडेच आली तरी हरकत नाही. दोघेही मोकळे होतात. कृषी केंद्रवाले आणि किराणावाले आपले भाऊ ही रीत रमजानमध्ये वापरतील तर कितीतरी वह्यांतली पाने कोरी होतील.

आणि तमलीकवरून कर्जदाराला अडवणाऱ्यांना एक उलटा प्रश्न. कित्येक मदरशांत जकातीची रक्कम एका गरीब विद्यार्थ्याच्या हातात देतात आणि त्याच्याकडून ती ‘खुशीने’ परत घेऊन पगार आणि बांधकामात वापरतात. याला हीला-ए-तमलीक म्हणतात. स्लॅबसाठी हीला चालतो, मग कर्जदारासाठी सरळ, बिनहील्याचा जो रस्ता किताबात लिहिला आहे तो का चालत नाही?

चौथा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: जकात मिळाली नाही तर मदरसे बंद पडतील, दीन संपेल. मदरशातला गरीब, घर सोडून शिकायला आलेला मुलगा मुस्तहिक आहे. त्याच्या जेवणासाठी, कपड्यांसाठी, किताबांसाठी जकात देणे जायज आहे आणि चांगले आहे. हे काम कुणी थांबवा म्हणत नाही. पण इमारत मुस्तहिक नाही. मस्जिदीची फरशी मुस्तहिक नाही. शिक्षकाचा पगार हा कामाचा मोबदला आहे, तो जकातीतून देता येत नाही. गरीब इमामसाहेबांना माणूस म्हणून जकात देता येते, इमामतीचा पगार म्हणून नाही. मदरशाची इमारत आणि पगार आपल्या खिशातल्या बाकीच्या पैशांतून, म्हणजे इमदाद आणि चंद्यातून चालवा. जकातीत हात घालायची वेळ येते, कारण जकातीपलीकडे एक रुपया काढायची आपली तयारी नसते. सच्चर अहवालानुसार शाळेच्या वयातल्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले सुमारे ३ टक्के आहेत. बाकीच्या मुलांच्या आई-बापाच्या कर्जाचे काय, हा प्रश्न पावती पुस्तकावर कुठे छापलेला असतो?

सफिरांबद्दलही बोलायला हवे. जमवलेल्या रकमेचा ठरावीक टक्का सफिराचा, असा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो. काही जण त्याला कुरआनमधल्या तिसऱ्या हकदाराचे नाव देतात. ते आमिल इस्लामी हुकूमतीने नेमलेले असायचे, आणि टक्क्यावर चालणाऱ्या या कमिशनला मुफ्तींनी नाजायज ठरवले आहे. सफीर बिचारा स्वतः गरीब असेल तर त्याला मुस्तहिक म्हणून वेगळे द्या. पण आपल्या शंभर रुपयांतले किती मुलाच्या ताटात पडतात, हे विचारणे म्हणजे दीनचा विरोध नव्हे. फर्ज योग्य जागी पोचले की नाही याची खात्री करणे देणाऱ्यावरच आहे.

पाचवा आक्षेप: उत्तर प्रदेश-बिहारचे मुसलमानही आपलेच ना? आपलेच. पण प्रेषितांनी (स.) हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना जकातीचा कायदा सांगितला, तो असा की तिथल्या श्रीमंतांकडून घ्यायची आणि तिथल्याच गरिबांना परत करायची. पुढची गोष्ट अबू उबैद यांच्या ‘किताबुल अमवाल’मध्ये आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुआज (रजि.) यांनी यमनच्या जकातीचा तिसरा हिस्सा मदिन्याला पाठवला. खलिफा खूश झाले नाहीत, नाराज झाले. वसुली करायला तुला पाठवले नव्हते, तिथल्याच लोकांना द्यायला पाठवले होते, असा त्यांचा सूर होता. मुआज (रजि.) यांनी कळवले की इथे घेणारा उरला असता तर मी पाठवलेच नसते. पुढच्या वर्षी निम्मी जकात आली, त्यापुढे सगळी. जकात गावाबाहेर कधी जाते, याचे हे उत्तर आहे. गावात घेणारा उरला नाही की जाते. हनफी फिकहमध्येही गावातले गरजू सोडून जकात दुसऱ्या गावी नेणे मकरूह आहे. नातेवाईक किंवा अधिक गरजू असेल तर ती नेता येते. सिल्लोड, अजिंठा, शिवना, अंधारी, गोळेगाव, भराडी इथे घेणारा उरला नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

सहावा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. शेजारचा मराठा किंवा बौद्ध शेतकरीही कर्जात बुडाला आहे, त्याचे काय? बहुसंख्य फुकहांच्या मते जकात मुसलमान गरजूंसाठी आहे. पण नफील सदक्याला अशी अट नाही, आणि इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते फितराही गैरमुस्लिम गरजूला देता येतो. इमाम अबू युसूफ (रह.) यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये हजरत उमर (रजि.) आणि दारात मागत आलेल्या एका वृद्ध यहुदी माणसाचा प्रसंग आहे. उमर (रजि.) यांनी त्याला घरी नेऊन दिले, बैतुलमालमधून त्याची सोय लावली आणि आयतीतल्या मिस्कीन या शब्दात त्यालाही धरले. म्हणून शेजाऱ्याला मदत करायची असेल तर रस्ता मोकळा आहे. फक्त त्यासाठी अडीच टक्क्यांच्या पुढे खिसा उघडावा लागतो.

आता घरातला हकदार. आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, नवरा-बायको यांना एकमेकांची जकात चालत नाही. त्यांचा खर्च आपल्यावर तसाही आहे. सय्यद घराण्यालाही जकात नाही, म्हणून गरीब सय्यदाला हदिया द्या, पण उपाशी ठेवू नका. भाऊ, बहीण, चुलता, मामा, मावशी, सून, जावई हे मुस्तहिक असतील तर त्यांना जकात चालते, आणि नात्यातल्याला देण्यात दुहेरी सवाब आहे, सदक्याचा आणि नाते जपल्याचा. इथे कर्जबाजारी बहिणीकडे बघा. पण बघताना एक हिशेब आधी करा. वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा हक्कसोड लिहून घेऊन आपण ठेवून घेतला असेल, तर तिला दिलेली जकात ही कसली जकात? ती आपल्याला मागणारी नाही, आपण तिचे देणेकरी आहोत. आधी तिची जमीन द्या. कदाचित त्यानंतर तिला जकातीची गरजही पडणार नाही.

मग करायचे काय? मोठी संस्था, मोठी इमारत, मोठे उद्घाटन यांची गरज नाही. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत कबीसा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांनी (स.) तिघांना मागण्याची परवानगी दिली. एक, ज्याने दुसऱ्यांमधला तंटा मिटवण्यासाठी देणे आपल्या अंगावर घेतले. दुसरा, ज्याच्यावर आपत्ती आली आणि माल नष्ट झाला. तिसरा, ज्याच्यावर उपासमार आली आहे अशी त्याच्याच लोकांतल्या तीन समजदार माणसांनी साक्ष दिली. तिसऱ्याला साक्षीदार हवेत, दुसऱ्याला नकोत, कारण अतिवृष्टीत वाहून गेलेले पीक सगळ्या गावाला दिसते.

हीच हदीस आपली पद्धत होऊ शकते. प्रत्येक मस्जिदीत तीन समजदार माणसे असावीत, आणि बायकांच्या कर्जाची माहिती काढण्यासाठी त्यांच्यासोबत दोन बाया. त्यांनी मोहल्ल्यातल्या कर्जदारांची यादी करावी. यादी कुलपात राहावी. मिंबरवरून नाव नको, धनादेश देतानाचा फोटो नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. ज्याचे कर्ज फेडायचे त्याच्याकडून परवानगी घ्यावी, सावकाराशी बसून रक्कम कमी करून घ्यावी, पैसे भरून बेबाकीचा दाखला घ्यावा. बिनपरवाना सावकार असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे, आणि बळकावलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. तो अर्ज लिहून देणारे शिकलेले पोरही आपल्याकडे आहेत. थोडेथोडे शंभर जणांना वाटण्यापेक्षा दहा जणांना पूर्ण मोकळे करावे, म्हणजे पुढच्या वर्षी यादीतली दहा नावे खरोखर कमी होतील. त्यांतला एखादा पुढे देणाऱ्यांच्या यादीत येईल.

वेळही आपल्या बाजूने आहे. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, आणि मार्चअखेरच्या वसुलीचा तगादाही त्याच दिवसांत असतो. त्यापुढे जूनमध्ये पेरणीला पैसे लागतात. जकात वर्ष पूर्ण होण्याआधीही देता येते. प्रेषितांनी (स.) आपले चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना तशी परवानगी दिली होती. म्हणून सगळी जकात रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत उधळण्याची सक्ती कुणी केलेली नाही. शेतकऱ्याच्या नडीला ती पोचली तर तिचे मोल अधिक आहे. आणि शेतीवाल्यांनी उश्रही विसरू नये. पावसाच्या पिकात दहावा हिस्सा, पाणी देऊन काढलेल्या पिकात विसावा. हिंदुस्थानच्या जमिनीवर उश्र लागू आहे की नाही, यावर उलेमांची चर्चा आहे. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा आणि जे सांगतील त्यावर अमल करा.

प्रेषितांसमोर (स.) जनाजा आणला जायचा तेव्हा सुरुवातीच्या काळात ते विचारायचे, याच्यावर कर्ज आहे का? असेल आणि फेडायला मागे काही नसेल, तर ते स्वतः नमाज पढवत नसत, साथीदारांना पढायला सांगत. पुढे अल्लाहने सुबत्ता दिली, तेव्हा त्यांनी जाहीर केले की जो कर्ज ठेवून जाईल त्याचे देणे माझ्यावर. आपल्या मस्जिदींतही जनाजाच्या नमाजआधी मय्यतचा वारस उभा राहतो आणि विचारतो, मरहूमकडे कुणाचे काही येणे असेल तर सांगा. हा प्रश्न माणूस कफनात असताना विचारायची आपली रीत आहे. येत्या रमजानपासून तो जिवंत माणसाला, त्याच्या घरी जाऊन, आवाज खाली ठेवून विचारू या. भाऊ, तुमच्यावर किती देणे आहे? आणि उत्तर ऐकल्यावर सल्ला देऊ नका, जकात द्या.